कपाटामागची काडेपेटी

आमचे घरमालक दर महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी काडी ओढायला यायचे. भाड्यासाठी नव्हे. भाडं आपणच नेऊन द्यायचं, आणि विसरलं तर ते आठवणही करत नसत. काडीचा रविवार मात्र कधी चुकला नाही.

दारात रबरी चपला जोडीने काढायच्या, माझ्या आईला "वहिनी, येऊ का?" असं विचारायचं आणि उत्तराची वाट न बघता सरळ लोखंडी कपाटाकडे जायचं. कपाटामागे, भिंतीला टेकवून, त्यांनीच ठेवलेली एक अर्धवट उघडी काडेपेटी असे. तिच्यातली एक काडी काढून ते ओढत. पेटली तर दुसरी. तीही पेटली तर तिसरी. तिन्ही पेटल्या की भिंत पास. मग पाणी पिऊन पुढच्या खोलीत.

"तीन कशाला हो, मालक?" मी एकदा विचारलं होतं. तेव्हा मी नुकताच लग्न झालेला, नोकरी लागलेला, म्हणजे सर्वज्ञ होतो.

"पहिली काडी खोटं बोलते," ते म्हणाले. "दुसरी तिला सामील असू शकते. तिसरीला खोटं बोलून काही मिळायचं नसतं."

काडी नुसती फुसफुसली किंवा तिचं गुल ओढताना पेटीवरच राहिलं, तर भिंत नापास. मग त्यांच्या देखत कपाट पुढे ओढायचं, खिडकी उघडायची आणि पुढच्या रविवारी फेरपरीक्षा. बारावीच्या गणितानंतर फेरपरीक्षेचा इतका धसका मी कुठेच घेतला नाही. आषाढात तर ते दिसले की आमची ही आधी दोरीवरचे ओले टॉवेल गोळा करून पलंगाखाली सारायची. ते आत येत, दोनदा हुंगत आणि म्हणत, "पलंगाखालून काढा ते. तिथं तर अजिबात नको."

अंबरनाथच्या पूर्वेला त्यांच्या एका ओळीत पाच खोल्या होत्या. चार भाडेकरूंच्या, पाचवी त्यांची. सगळा जन्म एका काडेपेटीच्या कारखान्यात गोदाम सांभाळण्यात गेला होता. कारखाना कधीच बंद झाला, पण गोदाम त्यांच्या अंगातून निघालं नाही. ओल हा त्यांचा एकमेव शत्रू. राजकारण, महागाई, पाकिस्तान यांबद्दल त्यांना काही म्हणायचं नसे. ओलीबद्दल मात्र ते तास तास बोलत. उजव्या हाताची करंगळी अर्धीच होती. गोदामाचं पत्र्याचं दार वाऱ्याने उघडलं, पाऊस आत यायला लागला, यांनी धावत जाऊन दार ओढलं आणि बोट मध्ये सापडलं. ही गोष्ट सांगताना त्यांच्या चेहऱ्यावर दुःख कधी दिसलं नाही. "बोट गेलं," ते म्हणत, "पण एक खोका भिजला नाही."

त्या अर्ध्या करंगळीचा आम्हा भाडेकरूंना फार त्रास झाला. कारण त्यांचा नियम होता की कोणतंही कपाट, पलंग, धान्याचा डबा भिंतीपासून चार बोटं लांब हवा. आणि ही चार बोटं मोजायची त्यांच्या हाताने. म्हणजे साडेतीनच. आम्ही आमच्या बोटांनी चार मोजून ठेवलं की ते म्हणत, "जास्त झालं, खोली लहान होते." आणि त्यांच्या हिशेबाने ठेवलं की आमची झाडूची मूठ मागे जात नसे. शेजारच्या खोलीतल्या एका बाईंनी त्यांना तोंडावर सांगितलं होतं, "मालक, तुम्ही मोजू नका, तुमचं माप कमी पडतं." ते हाताकडे बघून शांतपणे म्हणाले, "माप बरोबर आहे. हात कमी आहे."

या पाच खोल्या बांधायला त्यांनी तीन वर्षं घेतली होती, असं जुने लोक सांगत. वाळू स्वतः तीनदा धुतली. प्रत्येक गाडीतली चिमूटभर जिभेवर ठेवून बघितली. खाडीची खारट वाळू भिंतीत गेली की ती भिंत जन्मभर पाणी मागते, असं त्यांचं म्हणणं. विटांचं काम झालं की एक पूर्ण पावसाळा आणि एक उन्हाळा नुसतं उभं ठेवलं, मग गिलावा, मग पुन्हा उन्हाळा. येणारेजाणारे थांबून विचारत, "काय हो, पैसे संपले वाटतं?" ते म्हणत, "नाही, पाणी संपायचंय." तेवढ्या काळात समोर सात मजली इमारत उभी राहिली, रंगली, भरली आणि तिला पहिली हिरवी दाढीसुद्धा फुटली.

भिंतीला ते दुसरा रंग लावू देत नसत. फक्त चुना. दरवर्षी दिवाळीच्या आधी कळीचा चुना पिंपात भिजत घालायचा, चार दिवस मुरू द्यायचा, धोतराच्या फडक्यातून गाळायचा आणि प्रत्येक घरातल्या एका पुरुषाने कुंचा घेऊन हजर राहायचं. आमच्या घरात पुरुष मी एकटाच, त्यामुळे मला पर्याय नव्हता. पुढचा आठवडाभर ऑफिसात माझी कोपरं पांढरी दिसत, आणि आमचे साहेब विचारत, "काय रे, साइड बिझनेस काढलास?" मी मालकांना एकदा म्हटलं, आता छान प्लास्टिक पेंट येतात, धुता येतात. त्यांनी मला हाताला धरून त्यांच्या खोलीतल्या माठापाशी नेलं.

"हा का गार राहतो?"

"पाझरतो म्हणून."

"आता याला बाहेरून प्लास्टिकची पिशवी घट्ट बांधली तर?"

"तर..."

"तर पिशवीच्या आत काय होईल, ते तूच सांग. तू शिकलेला आहेस."

हा माणूस कुठेही गेला तरी तोच होता. आमच्या आळीत एक म्हातारे गृहस्थ गेले, तेव्हा भेटायला आम्ही सगळे गेलो. बायका रडत होत्या, पुरुष खाली मान घालून बसले होते. आमचे मालक भिंतीपाशी बसले, तळहात हळूच भिंतीला लावला आणि गेलेल्यांच्या मुलाच्या कानाशी लागून म्हणाले, "यांचा पलंग इथंच होता का? मग दमा कसा जाणार होता?" तो बिचारा तेव्हा काही बोलला नाही, पण महिन्याभराने येऊन त्यांना घरी घेऊन गेला, भिंत दाखवायला.

पुतणीसाठी विठ्ठलवाडीला मुलगा बघायला गेले होते तेव्हाचं तर प्रसिद्धच आहे. कांदेपोहे झाले, पत्रिका झाली. यांनी आल्या आल्या खिशातली पेटी त्यांच्या कपाटामागे सारली होती, ती निघताना काढून घेतली आणि घरी येऊन निकाल दिला, "मुलगा बरा आहे. भिंत बरी नाही." मुलाकडच्यांना हे कळलं. पण मुलगा खरंच बरा असावा. त्याने कपाट हलवलं, खिडकीवर ठोकलेला पत्रा काढला आणि दोन महिन्यांनी निरोप पाठवला की काकांना म्हणावं, या, ओढून बघा. तिन्ही पेटल्या. त्या लग्नात मी जेवलोय.

मी हे सगळं इतक्या प्रेमाने लिहितोय म्हणून कोणाला वाटेल की तेव्हाही मला त्यांचं कौतुक होतं. मुळीच नाही. मी त्यांच्या नकला करायचो. काडी ओढायची, डोळे बारीक करायचे आणि "वहिनी, नापास" असं म्हणायचं. ही नक्कल आमच्या सगळ्या नात्यात गाजलेली होती. आई मात्र हसायची नाही. "माणूस चक्रम आहे," ती म्हणायची, "पण इथं आल्यापासून माझे पापड बुरसले नाहीत."

आईचं सांगायला हवं, कारण पुढचं सगळं तिच्यावर आलं. तिचा जन्म भाड्याच्या खोल्यांत गेला. वडील होते तोवर तीन गावं, सहा खोल्या. प्रत्येक ठिकाणी खिळा ठोकायचा तरी मालकाला विचारून. पुढे बदलापूरला मी फ्लॅट घेतला, तेव्हा ती किल्ली हातात घेऊन म्हणाली, "आता इथून मला फक्त चौघांनी उचलून न्यायचं." आम्ही म्हटलं, आई, शुभ बोल. ती म्हणाली, "हे शुभच आहे."

फ्लॅट पहिल्या मजल्यावर, खाली पार्किंग. इमारत अजून घामेजलेली होती. बिल्डरचा माणूस स्वतः म्हणाला, "साहेब, गिलावा ताजा आहे, दोन-तीन महिने जाऊ द्या, मग रंग लावून देतो." असं म्हणणारा बिल्डरचा माणूस पंचक्रोशीत एकच असेल आणि तो नेमका मला भेटला. मी त्याला काय सांगितलं? मी सांगितलं, दसऱ्याचा मुहूर्त आहे, पाहुण्यांना बोलावलंय, पुट्टी मारा आणि धुता येणारा रंग लावा, मला काही ऐकायचं नाही. त्याने ऐकलं. पाच दिवसांत भिंती अशा गुळगुळीत झाल्या की आमची ही त्यांत बघून टिकली लावू शकली असती.

वास्तुशांतीच्या दिवशी गुरुजींना अजून दोन ठिकाणी जायचं होतं. त्यांनी विचारलं, "आग्नेय कुठली?" वास्तुपुरुषाची प्रतिमा घराच्या आग्नेय कोपऱ्यात जमिनीत पुरतात. आई म्हणाली, "स्वयंपाकघराच्या बाजूला असेल." मी म्हटलं, असेल-बिसेल नको, आणि खिशातून फोन काढून त्यातलं होकायंत्र उघडलं. आदल्या दिवशीच आणलेल्या आमच्या लोखंडी कपाटावर हात टेकवून मी सुई बघितली आणि जाहीर केलं की आग्नेय आईच्या खोलीच्या या आतल्या कोपऱ्यात आहे. आई म्हणाली, "अरे, पण..." मी फोन तिच्या डोळ्यांपुढे धरला. ती गप्प बसली. फोनपुढे काय बोलणार?

गवंड्याने त्या कोपऱ्यातली एक फरशी उचकटली. गुरुजी म्हणाले, वीतभर खोल हवं. खाली स्लॅब लागला, म्हणून गवंड्याने छिन्नी तिरकी भिंतीखाली घातली आणि वीतभर केलं. त्यात सात धान्यं, दहीभात, पंचरत्न, यादीप्रमाणे आणलेलं शेवाळ आणि तांब्याच्या डबीत पालथा वास्तुपुरुष. वर फरशी. त्या फरशीचा रंग बाकीच्यांपेक्षा जरा वेगळा राहिला, कारण मूळची फुटली होती.

मालकांना मी जेवायला बोलावलं होतं. ते आले, जेवले, हात धुतले आणि तोच ओलसर तळहात पुसून भिंतीला लावला. "थांबला असतास," ते म्हणाले. पंचवीस पाहुणे ऐकत होते. मी म्हटलं, "मालक, आता मी मालक!" सगळे हसले. मग मी त्यांच्यासमोरच ते कपाट ढकलून भिंतीला पार चिकटवलं, आणि पुन्हा सगळे हसले. ते हसले नाहीत, रागावलेही नाहीत. जाताना आईच्या हातात आहेर म्हणून एक नवी काडेपेटी ठेवली. ती आईने देव्हाऱ्याखालच्या खणात टाकली.

पुढच्या आषाढात आईच्या खोलीत, कपाटाच्या पायाशी, तिळासारखे काळे ठिपके आले. हिने ते फिनेलने पुसले. आठ दिवसांनी तीळ परत, या वेळी सोबतीला मोहरी. मी वर रंगाचा हात मारला. श्रावणात रंगाचा पापुद्रा फुग्यासारखा सुटला आणि त्यामागे राखाडी बुरशीची लव. मग मी इंटरनेटवर बघून उपाय केला. भिंतीवर चिकटवायचा चित्राचा कागद आणला. चित्र कोणतं, तर धबधब्याचं. ओल्या भिंतीवर माणसाने धबधबा का लावावा, याचं उत्तर माझ्यापाशी नाही. दिसत मात्र फार सुंदर होता.

दुसऱ्या पावसाळ्यात धबधब्याच्या कडा सुटल्या आणि मी गुन्हेगार शोधून काढला. वरचा मजला. वर एक सिंधी कुटुंब राहतं, त्यांचं उल्हासनगरला कापडाचं दुकान आहे. मी वर जाऊन असा काही बोललो की त्या माणसाने आधी मला पाणी दिलं.

"साईं, हमारा बाथरूम तो सूखा है," तो म्हणाला.

"पाणी वरून खालीच येतं ना?" मी म्हटलं. "की तुमच्याकडे उलटं असतं?"

दोन आठवड्यांत त्याने आपलं बाथरूम तळापासून फोडलं आणि नवं केलं. आमचा डाग जागचा हलला नाही. उलट वीतभर वाढला.

तोवर आईला खोकला लागला होता. आधी पहाटेचा, मग दिवसाचाही. ती कॉटवर उठून बसायची, छातीवर हात ठेवून, आणि बोलताना मध्येच थांबायची. डॉक्टरांनी घर कसं आहे विचारलं, मी सांगितलं. ते म्हणाले, "त्या खोलीतून त्यांना काढा. जमलं तर घरातूनच काढा काही महिने. हे असंच राहिलं तर कायमचं होईल." आईला आमच्या खोलीत हलवलं. खोकला कमी झाला, गेला नाही. वास सगळ्या घरात पसरला होता. बहीण पुण्याला असते, तिने म्हटलं, पाठव इकडे. आईने बॅग भरायला साफ नकार दिला.

"मी इथून निघाले की परत येत नाही, मला माहीत आहे," ती म्हणाली. "आणि वास्तुपुरुषाला रोज दिवा कोण लावणार? तू?"

खरं सांगायचं तर मालकांकडे जायचं माझ्या महिनाभर मनात होतं. पंचवीस पाहुण्यांसमोर ढकललेलं कपाट आडवं येत होतं. शेवटी एका सकाळी आई तीन पायऱ्या चढून धापा टाकत बसली, तेव्हा उठलो आणि अंबरनाथला गेलो. ते आता ऐंशीच्या पुढचे, पण कुंचा हातात. मी सगळं सांगितलं. धबधब्याचंसुद्धा. म्हटलं, आता बोलतील, आता बोलतील.

"मी दिलेली पेटी कुठाय?" त्यांनी विचारलं.

"खणात."

"खणात काय कामाची?" एवढं म्हणून त्यांनी चपला घातल्या.

आमच्याकडे येऊन त्यांनी आधी आईला न्याहाळलं. "वहिनी, येऊ का?" आई म्हणाली, "आता मालक आम्ही आहोत, विचारायलाच हवं." आणि हसताना तिला खोकल्याची उबळ आली. ती थांबेपर्यंत ते उभे राहिले. मग मला आणि आम्हाला घेऊन आलेल्या रिक्षावाल्याला हाताशी धरून त्यांनी कपाट हलवलं आणि धबधब्याचं एक टोक पकडून खाली ओढलं. मागे काय होतं ते लिहीत नाही. ही नाकाला पदर लावून बाहेर गेली. ते मात्र जवळ गेले.

"वरून आलं असतं तर वर काळं असतं," ते म्हणाले. "हे बघ, छताखाली हातभर भिंत स्वच्छ आहे. हे खालून चढलंय. भिंतीपलीकडे काय?"

"आमचंच बाथरूम."

"आणि ही फरशी वेगळी का?"

मी बघितलं. आईने बघितलं.

"तिथं वास्तुपुरुष आहे," आई म्हणाली.

"किती खोल?"

"वीतभर."

त्यांनी डोळे मिटले. मग मला समजेल अशा भाषेत समजावलं. बाथरूमच्या फरशीखाली खोलगट जागा असते, ती विटांच्या तुकड्यांनी भरलेली. तिथे पाणी झिरपतंच, म्हणून तिला चारी बाजूंनी पाणी अडवणारा थर देतात. आमच्या गवंड्याची छिन्नी या बाजूने नेमकी त्या थरातून आरपार गेली होती. दोन वर्षं आमच्या आंघोळीचं पाणी थेंबाथेंबाने वास्तुपुरुषाकडे येत होतं आणि तिथून भिंतीत चढत होतं. भिंत मुळातच ओली, वर पुट्टी, वर प्लास्टिकचा रंग, पुढे चिकटून कपाट. पाण्याला बाहेर पडायला जागाच नाही. त्यात बुरशी नाही येणार तर काय मोगरा येईल?

"आत काय काय घातलं होतं?" त्यांनी विचारलं.

आईला यादी पाठ होती. "सात धान्यं, दहीभात, पंचरत्न, शेवाळ..."

"शेवाळ?"

"गुरुजींनी लिहून दिलं होतं. यानेच आणलं, तळ्यावरून."

चौदा वर्षं मी त्यांचा भाडेकरू होतो, त्यांना हसताना त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. भिंतीला हात टेकून हसले. "मंत्र म्हणून पेरलंत, वहिनी!"

आई हसली नाही. "ते काहीही असो. एकदा पुरलेला वास्तुपुरुष उकरत नाहीत. मी हात लावू देणार नाही."

"मग पाणी थांबणार नाही."

"नको थांबू दे."

"मग तुम्हाला जावं लागेल, वहिनी."

आई कॉटच्या कडेवर बसली होती. तिने दोन्ही हातांनी ती कड धरली. मला तिची बोटं दिसत होती. मी काही बोलायला गेलो, तर मालकांनी मला हातानेच गप्प केलं, त्याच अर्ध्या करंगळीच्या.

"वहिनी, एक विचारू? सकाळी चहा टाकता तेव्हा ऊन कुठून येतं?"

"ओट्यासमोरच्या खिडकीतून. डोळ्यांवरच येतं."

"मग आग्नेय कुठं आली?"

आईने माझ्याकडे बघितलं. सावकाश बघितलं. "ओट्याच्या उजव्या कोपऱ्यात," ती म्हणाली. "मी तेव्हाच म्हणत होते. याने फोन दाखवला."

"लोखंडी कपाटाजवळ उभा राहून?"

मला उत्तर देण्याची गरज पडली नाही. मालक आईला म्हणाले, "म्हणजे याला उकरायचं नाहीये. याला त्याच्या जागेवर न्यायचंय. दोन वर्षं परक्याच्या कोपऱ्यात पाण्यात पालथा पडलाय तो. तुम्ही सहा खोल्या बदलल्यात, तुम्हाला कळेल."

आई कॉटवरून उठली. मग पदर खोचून म्हणाली, "छिन्नी आण रे. आणि हळू."

डबी निघाली तेव्हा खड्ड्यात बोटभर पाणी होतं. वास्तुपुरुष हिरवा झाला होता. आईने त्याला पदराने पुसलं, लहान मुलाचं डोकं पुसतात तसं, आणि पुटपुटली, "सर्दी झाली असेल." गुरुजींना फोन लावला. ते म्हणाले, पुन्हा स्थापना करता येते, भिंतीत कोनाडा केला तरी चालेल. मी विचारलं, शेवाळाचं काय? ते थोडं थांबून म्हणाले, "शेवाळार्थे अक्षतान् समर्पयामि."

वास्तुपुरुष ओट्याजवळच्या कोनाड्यात बसला, थर दुरुस्त झाला. आईच्या खोलीची भिंत कमरेच्या वरपर्यंत सोलून विटा उघड्या केल्या. मी विचारलं, रंग कधी? मालक म्हणाले, "काडी सांगेल." मग मी वर गेलो, माफी मागायला. जिन्यात दोनदा परत फिरलो. वरच्या साईंनी सगळं ऐकून घेतलं आणि बायकोला हाक मारली, "सुनती हो? पाणी उलटं नाही, सीधाच येत होतं!" मग मला म्हणाले, "छोडो भाऊ, बाथरूम चांगलं झालं. वाइफ चार साल से बोल रही थी." मिठाईचा डबा मी नेला होता, तो त्यांनी घेतला. वर आणखी एक डबा मला दिला. इतका छोटा मी कधी झालो नव्हतो.

ती दिवाळी आम्ही उघड्या विटांसमोर केली. पाहुणे विचारत, "काम अर्धवट राहिलंय का? पैसे...?" आई म्हणायची, "पाणी संपायचंय."

पेटी आता विटांपाशी असे. मालकांना प्रवास झेपत नव्हता, म्हणून पहिल्या रविवारी आईच काडी ओढी आणि त्यांना फोन करी.

"नाही पेटली, मालक."

"थांबा."

पुढच्या महिन्यात, "फुसफुसली."

"थांबा. खिडकी?"

"उघडी आहे."

"डास?"

"येतात."

"येऊ देत."

माघ सरला. फाल्गुनातल्या रविवारी काडी पेटली. आईने घाईने फोन लावला. त्यांच्या सुनेने उचलला. म्हणाली, आठ दिवस झाले अंथरुणावर आहेत, बोलणं तुटक झालंय, पण फोन कानाला लावते. आई मोठ्याने म्हणाली, "मालक, पेटली!" पलीकडून काहीच आलं नाही. मग आईला काय वाटलं कोण जाणे, तिने फोन मला धरायला लावला, त्याच्या अगदी जवळ पेटी नेली आणि दुसरी काडी ओढली. खर्रकन. मग तिसरी. तिचीही ज्योत झाली.

पलीकडे श्वास ऐकू आला. मग एकच शब्द.

"चुना."

आईने त्याच काडीने कोनाड्यातला दिवा लावला. त्या आठवड्यात मी चार दिवस चुना भिजवला, माझ्या जुन्या लुंगीतून गाळला आणि आईच्या खोलीला लावला. कोपरं पांढरी घेऊन ऑफिसात गेलो. साहेब बदलले होते, पण प्रश्न तोच आला.

मालक चैत्रात गेले. आई माझ्याबरोबर भेटायला आली. स्टेशनचा जिना चढून, मध्ये एकदाच थांबून, तेही मला थांबायचं होतं म्हणून. त्यांच्या खोलीत माणसं खाली बसली होती. मला जागा मिळाली ती कपाटाजवळ. सून काही सांगत होती आणि माझा हात आपोआप कपाटामागे गेला. तीन बोटं सहज शिरली. करंगळी आत गेली आणि अर्ध्यावर अडकली.

"हात काढ तिथून," आई पुटपुटली. "लोक बघतायत."

मी हात काढला. तिने पदर सारखा केला. मग माझ्याकडे न वळता, अगदी हळू आवाजात विचारलं,

"कोरडी आहे ना रे?"